तुमच्या एरियात कुठल्या कंपनीचं नेटवर्क खरंच चांगलं आहे ते स्वतः कसं तपासायचं

कुठलं सिम घेऊ, कुणाची रेंज चांगली आहे असं चार ठिकाणी विचारलं की चार वेगळी उत्तरं येतात आणि चौघंही खरंच बोलत असतात, कारण प्रत्येक जण स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या ऑफिसमधलं सांगत असतो. एकाच बिल्डिंगमध्ये पुढच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो आणि मागच्या बाजूला साधा फोन लागत नाही. त्यामुळे आख्ख्या शहरात किंवा देशात कोण नंबर एक आहे हे वाचून सिम घेऊ नका. तुमच्या जागा, तुमच्या वेळा, तुमचा फोन, या तिन्हीवर तपासलेलं नेटवर्क तेवढं तुमच्या कामाचं. तपासणं अवघड नाही, फक्त थोडं शिस्तीत करावं लागतं, आणि आकडे कसे वाचायचे ते एकदा कळलं की कंपनीचा माणूस काही पण सांगू दे, आपल्याला कळतं काय खरं ते.

आधी जागा आणि वेळा ठरवा

कागदावर किंवा फोनमध्ये लिहून काढा की तुम्ही फोन नक्की कुठं कुठं वापरता. झोपायची खोली, कामाचं टेबल, मुलं अभ्यासाला बसतात तो कोपरा, पार्किंग, लिफ्ट, रोजचा रस्ता. पाच-सहा जागा बास झाल्या. घराबाहेर रस्त्यावर उभं राहून टेस्ट मारायची आणि नेटवर्क भारी आहे म्हणायचं हे अजिबात करू नका, कारण भिंत ओलांडताना सिग्नल बराच पडतो आणि उन्हासाठी धातूचं पातळ कोटिंग असलेल्या काचा असतील तर अजूनच पडतो. खिडकी बंद ठेवून आणि उघडून आकडा बघा, किती फरक पडतो ते तिथल्या तिथं दिसेल.

वेळेचं म्हणाल तर निदान तीन हव्यात: सकाळी, दुपारी कामाच्या वेळात, आणि रात्री जेवणानंतर सगळे मोबाईल घेऊन बसलेले असतात तेव्हा. रात्रीची वेळ सगळ्यात महत्त्वाची. सिग्नल सकाळी होता तेवढाच रात्री असतो पण टॉवरवर माणसं वाढलेली असतात आणि स्पीड सगळ्यांत वाटला जातो, म्हणून खरी परीक्षा तेव्हाच होते. मध्यरात्री एकदा बघून ठेवा म्हणजे गर्दी नसताना तो टॉवर किती देऊ शकतो हे कळेल, पुढे त्याचा उपयोग होतो.

नकाशे बघा पण तेवढ्यावर थांबू नका

कंपनीच्या साईटवर जो रंगवलेला कव्हरेजचा नकाशा असतो तो मुख्यतः कॉम्प्युटरने काढलेला अंदाज असतो: टॉवर इथे, उंची एवढी, डोंगर-इमारती अशा, मग सिग्नल इथपर्यंत जाईल असं गणित. आणि बहुतेक वेळा तो उघड्यावरचा अंदाज असतो, तुमच्या बेडरूमचा नाही. ओपनसिग्नल, एनपर्फ, सेलमॅपर अशा ठिकाणी लोकांच्या फोनवरून गोळा केलेली माहिती असते, ती जास्त जमिनीवरची असते, पण तिथेही जिथून जास्त लोक जातात त्या रस्त्यांची माहिती भरपूर आणि आतल्या गल्लीची फार थोडी असं होतं. शिवाय माहिती किती जुनी आहे तेही बघा.

मी नकाशांचा उपयोग नावं गाळायला करतो. ज्या कंपनीच्या स्वतःच्या नकाशातच तुमची जागा फिकट दिसतेय ती सोडून द्या, उरलेल्या दोन-तीन प्रत्यक्ष तपासा.

अजून एक गोष्ट बघून घ्या. काही कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतातच, त्या दुसऱ्या मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने वापरतात. अशा दोन कंपन्यांची रेंज वेगळी वेगळी मोजत बसण्यात अर्थ नाही, रेंज एकच येणार. फरक पडू शकतो तो गर्दीत, कारण मूळ कंपनी आपल्या गिऱ्हाइकांना आधी जागा देऊ शकते. तसंच एकाच खांबावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असणं पण नेहमीचं आहे. तिथे रेंज साधारण सारखी मिळते, मग स्पीडचा फरक कुणाकडे किती स्पेक्ट्रम (म्हणजे वापरायला मिळालेल्या फ्रिक्वेन्सी) आहे आणि कुणाची किती गिऱ्हाइकं तिथं आहेत यावर ठरतो.

फोनची तयारी

तुलना एकाच फोनवर करा. तुमच्या जुन्या फोनवर एक सिम आणि भावाच्या नव्या फोनवर दुसरं असं करून निघालेला निकाल फोनचा असतो, नेटवर्कचा नाही. फोन कुठले बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे ठरलेले पट्टे, पकडतो ते कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघा, कारण टॉवरवर ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ लागलाय आणि तुमचा फोन तो घेतच नाही तर तुमच्यासाठी तो नसल्यातच जमा. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये ही अडचण हमखास येते.

दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही टाकून तपासणं सोयीचं आहे पण ज्या सिमचं मोजताय ते डेटाचं सिम म्हणून निवडा, थोडं थांबा, मग मोजा. कारण बऱ्याच फोनमध्ये डेटा नसलेलं सिम खालच्या मोडवर पडून असतं आणि त्याचे आकडे वेगळेच दिसतात. वायफाय बंद, व्हीपीएन बंद, बॅटरी सेव्हर बंद. फोन तापला असेल तर गार होऊ द्या, तापलेला फोन स्वतःहून ५जी सोडून ४जी वर येऊ शकतो. आणि त्या सिमचा दिवसाचा किंवा महिन्याचा डेटा संपत आला नाही ना हे पण बघा, लिमिट संपल्यावर बरेच प्लॅन स्पीड कमी करतात आणि आपण टॉवरला नावं ठेवत बसतो.

काड्या नाही, डीबीएम बघा

फोनवरच्या रेंजच्या काड्यांना ठरलेलं असं माप नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारे आणि नेटवर्कवाले आपापलं ठरवतात, म्हणून एका फोनवरच्या चार काड्या आणि दुसऱ्यावरच्या दोन हे एकच सिग्नल असू शकतं. खरा आकडा असतो आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, आणि ती डीबीएम या मापात मोजतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये अबाऊट फोन, तिथं सिम स्टेटस, तिथं सिग्नल स्ट्रेंग्थ सापडते. बऱ्याच फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं तरी उघडतं, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचं पान येतं. अँड्रॉइडवर सगळ्यात सोपं म्हणजे नेटवर्क सेल इन्फो किंवा सेलमॅपरचं ॲप टाकून घ्यायचं.

आकडा उणे असतो, त्यामुळे शून्याच्या जवळ तेवढा चांगला. ढोबळ मानाने उणे ८० च्या वर म्हणजे मस्त, उणे ९० पर्यंत चांगला, उणे १०० पर्यंत काम चालतं, उणे ११० च्या आसपास आवाज तुटायला लागतो आणि उणे १२० ला रेंज जातेच म्हणा. हे मोजमाप लॉगचं आहे, म्हणजे १० डीबीचा फरक म्हणजे सिग्नलची ताकद दहापट कमी किंवा जास्त, आणि ३ डीबी म्हणजे साधारण दुप्पट किंवा निम्मी. म्हणून एका कंपनीचा उणे ९५ आणि दुसरीचा उणे १०५ असेल तर तो किरकोळ फरक समजू नका. उलट दोन-तीन डीबीच्या फरकावरून निकाल पण लावू नका, फोन हातात फिरवला, पाठ टॉवरकडे केली तरी एवढा बदल होतो. एका जागी अर्धा मिनिट फोन स्थिर ठेवा, आकडा कुठून कुठे हलतो ते बघा आणि मधला लिहून घ्या.

सिग्नल फुल, नेट ढिम्म, असं का होतं

आरएसआरपीच्या शेजारी दुसरा आकडा असतो एसआयएनआर, काही ठिकाणी एसएनआर लिहिलेलं असतं. माझ्या मते तुलनेत हा जास्त कामाचा आणि बहुतेक लोक याच्याकडे बघतच नाहीत. बाई वर्गात अगदी जवळ उभ्या राहून मोठ्याने शिकवताहेत पण आख्खा वर्ग गोंगाट करतोय, तर काय ऐकू येणार? आरएसआरपी म्हणजे बाईंचा आवाज, एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या वर तो किती उठून ऐकू येतो ते. गोंगाट येतो आजूबाजूच्या टॉवरवरून जे त्याच फ्रिक्वेन्सीवर चालू असतात. २० च्या वर असेल तर फार छान, १३ ते २० चांगलं, त्याच्या खाली चालढकल, आणि शून्याच्या खाली गेला की सिग्नल कितीही दणकट दिसू दे नेट रडणार.

एक उदाहरण घ्या. वरच्या मजल्यावरची बाल्कनी, तिथून तीन टॉवर सरळ नजरेत. आरएसआरपी उणे ७५, सगळ्या काड्या भरलेल्या, आणि एसआयएनआर २. स्पीड पाच-सहा एमबीपीएस. तोच फोन आतल्या खोलीत नेला, सिग्नल पडून उणे ९२ झाला, पण दोन टॉवर भिंतीआड गेले म्हणून एसआयएनआर १५ वर चढला आणि स्पीड तिप्पट झाला. हे बघितल्यावर काड्यांवरचा विश्वास उडतो माणसाचा. तर प्रत्येक जागी हे दोन्ही आकडे लिहा, आणि सोबत बँड नंबर पण लिहा, तो का ते पुढे सांगतो.

हौस असेल तर टॉवर पण ओळखता येतो. ४जी मध्ये ॲप जो लांबलचक सेल आयडी दाखवतं त्याला २५६ ने भागायचं. समजा १०५४७२०३ आलं, तर भागाकार ४१२०० हा टॉवरचा नंबर आणि बाकी उरलेले ३ म्हणजे त्या टॉवरवरचा सेल, म्हणजे टॉवरचा एका दिशेला एका फ्रिक्वेन्सीवर चालणारा भाग. जागा बदलली आणि पहिला नंबर तोच राहिला म्हणजे टॉवर तोच आहे, सेल बदललाय. काही फोनवर टायमिंग ॲडव्हान्स नावाचा आकडा पण येतो, ४जी मध्ये त्याचा एक घर म्हणजे साधारण ७८ मीटर, त्यावरून टॉवर किती लांब आहे याचा अंदाज बांधता येतो.

स्पीड टेस्ट मारायची पद्धत

स्पीडटेस्ट आणि फास्ट डॉट कॉम ही दोन्ही वापरा. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सचं आहे आणि त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मोजतं, तर स्पीडटेस्ट बहुतेक वेळा जवळचा सर्व्हर निवडतं आणि कधी कधी तो सर्व्हर त्याच मोबाईल कंपनीच्या नेटवर्कच्या आत असतो, मग आकडा छान येतो पण बाहेरच्या इंटरनेटवर तसं चालत नाही. दोन्हीत फार तफावत दिसली तर सर्व्हर हाताने बदला आणि सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठेवा. एक जागा, एक वेळ, लागोपाठ तीन टेस्ट, मधला आकडा लिहा. सगळ्यात मोठा लिहायचा मोह होतो, तो टाळा.

डेटा किती जातो तेही लक्षात असू दे. १०० एमबीपीएसच्या स्पीडला दहा सेकंद टेस्ट चालली की साधारण १२५ एमबी गेले, ५०० ला सहाशेच्या वर. आणि एमबीपीएस आणि एमबी यात गोंधळ नको, ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी.

आता लागतो किती ते बघा. फुल एचडी व्हिडिओला नेटफ्लिक्स स्वतः ५ एमबीपीएस सांगतं, ४के ला १५. म्हणजे एक कंपनी ३०० देतेय आणि दुसरी ८० तर रोजच्या वापरात तुम्हाला फरक जाणवणारच नाही, पण एक रात्री २ वर येते आणि दुसरी २० वर राहते हा फरक रोज जाणवणार. म्हणून माझं सरळ मत आहे की तुमच्या जागांवर सगळ्यात वाईट वेळेला कोण किती देतं यावर निवडा.

अपलोड विसरू नका. घरून काम, ऑनलाईन क्लास, व्हिडिओ कॉल सगळं अपलोडवर लंगडतं. रेंज कमी असली की आधी अपलोड मरतं, कारण टॉवरच्या मानाने फोनचा ट्रान्समीटर बारकासा, त्याची हाक टॉवरपर्यंत पोचायला त्रास. आणि पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ मिलिसेकंदात, तो बघताना डाउनलोड चालू असतानाचा पिंग पण बघा, स्पीडटेस्टमध्ये तो वेगळा दाखवतात. रिकामा असताना ३० आणि डाउनलोड चालू झाल्यावर ६०० होत असेल तर गेम आणि कॉल दोन्ही अडखळणार, स्पीड कितीही असू दे.

टेस्टनंतर खरं काम पण करून बघा. एखादी मोठी फाईल उतरवा, दहा मिनिटं व्हिडिओ कॉल लावा, चालता चालता नकाशा उघडा.

कॉलची वेगळी तपासणी

नेट उत्तम आणि कॉल बेकार हे होऊ शकतं. फोनमध्ये व्होल्टे, म्हणजे ४जी वरूनच कॉल करायची सोय, चालू आहे का बघा. नसेल तर कॉल लागताना फोन ४जी सोडून जुन्या नेटवर्कवर उतरतो, वेळ जातो, नेट मंदावतं किंवा बंद पडतं, आणि बऱ्याच देशांत ३जी बंद झालंय किंवा होतंय तर उतरायला जागाच उरत नाही. प्रत्येक जागेवरून कॉल लावा, लागायला किती सेकंद गेले ते बघा, आणि बोलत बोलत लिफ्ट, जिना, पार्किंग असं फिरा. पलीकडच्या माणसाला विचारा तुटतंय का म्हणून, तुम्हाला नीट ऐकू येत असतं पण तुमचा आवाज जात नसतो. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करून बघा, ज्या कंपनीत ते तुमच्या फोनवर चालतं तिची घरातली कमी रेंज तुम्हाला माफ करता येईल.

५जीचा लोगो आणि अपग्रेडच्या गोष्टी

४जी एलटीई २००९ च्या डिसेंबरमध्ये स्टॉकहोम आणि ओस्लोमध्ये पहिल्यांदा लोकांसाठी सुरू झालं, ५जी २०१९ च्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियात. तेव्हापासून कंपन्यांची जाहिरात जी च्या आकड्यावर चालते, पण आपण बघायचं ते बँड आणि रुंदी. एलटीईचा एक कॅरियर, म्हणजे डेटा वाहून नेणारा फ्रिक्वेन्सीचा एक तुकडा, जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, साध्या दोन अँटेनाच्या जोडणीत तो फार तर १५० एमबीपीएसच्या आसपास देतो आणि तेवढंच त्या सेलखालच्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. ३.५ गीगाहर्ट्झच्या ५जी मध्ये, म्हणजे ॲपमध्ये एन७८ दिसतं ते, एक कॅरियर १०० मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तिथं स्पीड उसळतो. पण ही फ्रिक्वेन्सी भिंतीत लवकर मरते. उलट ७०० मेगाहर्ट्झचं एन२८ घराच्या आतपर्यंत पोचतं पण रुंदी कमी म्हणून स्पीड चांगल्या ४जी सारखाच. दोन्हीला लोगो ५जीच. बँड नंबर लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी.

अजून एक, बऱ्याच ठिकाणचं ५जी एनएसए प्रकारचं असतं, म्हणजे ४जीच्या आधाराने चालणारं. ४जीचा सिग्नल ढिला पडला की ५जी पण सुटतं. आणि लोगो दिसतोय म्हणजे तुमचा डेटा ५जी वरूनच जातोय असं नाही, तो नुसता इथे ५जी उपलब्ध आहे म्हणून पण दिसू शकतो. ॲपमध्ये एनआर (५जीचं तांत्रिक नाव) या नावाखाली वेगळा सिग्नल आकडा येतोय का ते बघा, येत असेल तर खरं.

कंपनीवाले म्हणतात अपग्रेड चालू आहे, थांबा. थांबायचं की नाही हे तुमच्या वहीतल्या आकड्यांवरून ठरतं. सिग्नल सगळ्या वेळी उणे ११५ असेल तर त्याला जवळ नवीन टॉवर किंवा खालच्या फ्रिक्वेन्सीचा बँड लागतो, नुसतं ५जी चढवून तुमच्या खोलीत काही पोचणार नाही. सिग्नल चांगला, मध्यरात्री स्पीड चांगला आणि फक्त रात्री नऊला मरतोय, तर ती गर्दी आहे आणि तिथे नवा कॅरियर किंवा एन७८ लागलं की खरंच सुधारतं, अशा ठिकाणी थांबायला हरकत नाही. सिग्नल आणि एसआयएनआर दोन्ही छान पण स्पीड चोवीस तास एका ठराविक आकड्यावर अडकलेला, तर आधी तुमचा प्लॅन तपासा, प्लॅन ठीक असेल तर टॉवरला मागून येणारी लाईन अपुरी असण्याची शक्यता मोठी, ती फायबरने जोडेपर्यंत काही होत नाही. आणि एसआयएनआरच खराब असेल तर अँटेनाचा कोन बदलण्यासारखी कामं लागतात, ती तक्रार केल्याशिवाय सहसा होत नाहीत.

काम खरंच झालं का हे पण ओळखता येतं. ॲपमध्ये आधी कधी न दिसलेला बँड दिसायला लागतो, टॉवरवर लांबट अँटेनांच्या शेजारी आखूड रुंद पेटीसारखे पॅनेल दिसतात, ते बहुतेक ५जीचे. काम चालू असताना काही दिवस नेटवर्क उलट बिघडू शकतं, तेव्हाचे आकडे तुलनेत धरू नका.

बदलायचं ठरलं तर

एकदम नंबर पोर्ट करू नका. आधी त्या कंपनीचं साधं प्रीपेड किंवा ट्रायलचं ईसिम घ्या, दुसऱ्या स्लॉटला टाका, आणि निदान एक पूर्ण आठवडा शनिवार-रविवारसकट वापरा. दोन सिम कायम ठेवायची असतील तर शक्यतो अशा दोन कंपन्यांची घ्या ज्यांचे टॉवर तुमच्या भागात वेगळे आहेत, नाहीतर त्या खांबाची वीज गेली की दोन्ही एकदम बंद.

आणि आहे त्याच कंपनीत राहून तक्रार करायची असेल तर "नेट चालत नाही" एवढंच लिहू नका, त्यावर फोन रिस्टार्ट करा असं उत्तर येतं. तारीख, वेळ, जागा, बँड, सेल आयडी, आरएसआरपी, एसआयएनआर, स्पीड असं एका ओळीत लिहा, तीन-चार दिवसांच्या ओळी आणि स्क्रीनशॉट जोडा, आणि ही तक्रार नेटवर्क टीमकडे पाठवा असं स्पष्ट म्हणा. तक्रार नंबर घ्या. शेजाऱ्यांपैकी त्याच कंपनीच्या दोघांनी त्याच सेल आयडीवर तक्रार टाकली तर अजून बरं, कारण मग हा एका फोनचा प्रॉब्लेम आहे असं म्हणून त्यांना ती बंद करता येत नाही.